कुपीच्या तोंडावरचा अंगठा

आमच्या मावसबहिणीला सगळे मोजेवाली म्हणत. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रबरी मोजे घालून घालून तिची बोटं सुरकुतलेली असायची. बिनमोज्यांनी कुणी नमुन्याच्या कुपीला हात लावला की ती त्याची बिनपाण्यानं करायची, मग तो साहेब असो की शिपाई.

तिचा थोरला भाऊ छपरावर कौलं बसवायचा. एकदा पाय घसरला आणि डोक्यावर आपटला. मेंदूत पाणी साठून दाब वाढू नये म्हणून डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून बारीक नळी बसवली.

मोजेवाली भावजयीला समजावत होती, "वहिनी, पडल्याबरोबर ज्या पेशी मेल्या त्या गेल्याच. पण त्यातून वाचलेल्याही पुढं मरत राहतात. पेशीत मायक्रोआरएनए म्हणून बारीक धागे असतात. हे प्रथिन बनवू नका, ते बनवू नका, असं ते बजावत असतात. मार बसला की त्यातले काही बेसुमार वाढतात, आणि पेशीला तगवणाऱ्या प्रथिनांचाच गळा दाबतात. त्यांना अडवायचं नवं औषध इथं तपासतायत. पण डोक्यातल्या पाण्यात ते धागे जास्त निघाले, तरच दादाला घेणार."

"म्हणजे जास्त निघू देत, म्हणून हात जोडायचे? काय एकेक ऐकायला मिळतंय."

नळीतून काढलेल्या पाण्याचा नमुना न्यायला शिपाई येईना, तेव्हा मोजेवालीच नमुन्याची कुपी घेऊन निघाली. जिन्यात कुपीचं झाकण निसटलं. सांडू नये म्हणून तिनं तोंडावर अंगठा दाबला. उघडा अंगठा. थेंब सांडला नाही, पण आपल्या कातडीवरचा रस या धाग्यांचा फडशा पाडतो. आता यंत्र धागे कमीच दाखवणार, आणि दादा औषधाला मुकणार.

ती तशीच मागं फिरली आणि वहिनीला सगळं सांगून टाकलं.

"वन्सं, साऱ्या जगाला मोजे शिकवता, आणि नेमकं माझ्याच नवऱ्याच्या वेळी?"

"चुकलं माझं. परत पाणी काढावं लागेल."

नर्स म्हणाली, "नळी दरवेळी उघडताना जंतू शिरायची भीती असते. तुम्ही हो म्हणालात तरच काढू."

वहिनी बराच वेळ नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही काय कराल?"

"माझं डोकं असतं तर काढा म्हटलं असतं."

"तुमचं डोकं ठिकाणावर असतं तर ही वेळच आली नसती," असं म्हणून वहिनीनं नर्सला मान डोलावली.

या खेपेला शिपाई आला. धागे भरपूर निघाले आणि दादाला औषधाच्या चाचणीत घेतलं. पण निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय गेलं ते डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळत नाही. नळीत जंतू मात्र शिरले नाहीत.

दादा आता भिंत धरून चालतो. शब्द सापडत नाहीत. कधी कधी बायकोला बहीण समजून हाक मारतो. आधी वहिनी फणकारायची. हल्ली ती मुकाट्यानं ओ देते.