तळ्याची उलटी फेरी

थंडीतलं कोवळं ऊन पडलं की मी गावाबाहेरच्या तळ्याला एक फेरी मारतो. तळ्याच्या मधोमध देवीचं देऊळ आहे, म्हणून आमच्याकडे प्रत्येकजण तळं उजव्या हाताला ठेवूनच चालतो. नुसता फिरायला निघालेलासुद्धा नकळत प्रदक्षिणा घालतो.

वाटेत गंगूमावशींचं घर लागतं. त्यांचा मुलगा कित्येक वर्षांपूर्वी घरातून गेला, तो परतलाच नाही. मला पाहिलं की त्या ओट्यावरूनच विचारतात, "दिसला का रे आमचा भानू?"

"नाही, मावशी."

काल म्हणाल्या, "कसा दिसंल? सगळी एकाच अंगानं चालता. तो पुढं, तू मागं. उद्या उलटा फिर की."

खरंच, गोल वाटेवर एका चालीनं, एकाच दिशेनं चालणारी माणसं जन्मभर चालली तरी भेटायची नाहीत. पण गेलेलं माणूस उलटं चालूनही भेटत नसतं, हे मावशींना कोण सांगणार?

आज देवी डावीकडे ठेवून निघालो. ऊन तेच, पाण्यावरचे बगळे तेच. समोरून येणारा प्रत्येक चेहरा मी वेड्यासारखा निरखला. सगळे ओळखीचेच निघाले.

शेवटी मावशींचं घर आलं. जिकडून कधी कुणी येत नाही, तिकडून उन्हातून एक माणूस येताना पाहून त्या धडपडत उठल्या.

"थांब भानू, बाहेरच थांब! भाकरतुकडा ओवाळते, मग आत ये."

त्या लगबगीनं आत गेल्या. मला ना पुढे जाववेना, ना मागे.