थोरल्या महालक्ष्मीच्या पोटातली लेन्स

आमच्या थोरल्या महालक्ष्मीच्या पोटात एक लेन्स असते. ती मी ठेवली, हे मात्र कुणाला सांगू नका.

मला फोटोग्राफीचा छंद आहे, असं मी म्हणतो. शैला, म्हणजे आमची बायको, म्हणते की छंद लेन्स घ्यायचा आहे. फोटो मधूनमधून चुकून निघतात. क्षिप्रेवरचा खंड्या नीट आला नाही, की माझी खात्री पटते, दोष लेन्सचा आहे. (खंड्या केव्हाच उडून गेलेला असतो, ती बाब वेगळी.) शेवटी एका गौरीत शैलाने मला महालक्ष्म्यांसमोर उभं करून शपथच घ्यायला लावली : आता एकही लेन्स नाही.

वर्षभर मी शपथ पाळली. जवळजवळ! गणपतीच्या तोंडावर इंदूरच्या एका गृहस्थाने लांबचं जवळ आणणारी आपली टेलिफोटो विकायला काढली आणि ती बसने देवास गेटच्या बस स्टँडवर येऊनही पडली. चांगली दुधीभोपळ्याएवढी. आता लपवणार कुठे? कपाट शैलाचं, दिवाण शैलाचा, पलंगाखाली तिचा झाडू रोज फिरतो. तेवढ्यात माळ्यावर महालक्ष्म्यांच्या पत्र्याच्या कोठ्या दिसल्या. आतून पोकळ, वर्षातून एकदाच खाली येणाऱ्या. थोरलीच्या कोठीत लेन्स फडक्यात गुंडाळून तळाशी ठेवली आणि निश्चिंत झालो. तो 'एकदा' नेमका पुढच्याच आठवड्यात आहे, हे आठवलं असतं तर तो मी कसला!

एका संध्याकाळी घरी येतो तो कोठ्या खाली, आणि शैला गहू भरतेय. आमच्याकडे दोन्ही कोठ्यांत मापून सारखे गहू घालतात. वर मुखवटा बसवून भैरवगढच्या छापाची साडी नेसवली की देवी उभी. मग अक्षता टाकून निरोप देईपर्यंत तिला कुणी हलवायचं नाही. धाकटीत गहू नेहमीसारखे बसले. थोरलीत बसेनात. काठावरून जमिनीवर सांडले.

शैला बघतच राहिली. "अहो, माप तर दरवर्षीचंच आहे. गहू वाढले कसे?"

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "बरकत असेल."

महाकालाच्या गावात चमत्काराला पत्ता विचारावा लागत नाही. शेजारच्या मिश्राभाभींनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या मोहल्ल्यात खबर पोचवली. हळदीकुंकवाला लाइन लागली. शैलाचा चेहरा असा खुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता, त्यामुळे तोंड उघडायची सोयच उरली नाही. वर सगळ्यांचा आग्रह, चमत्काराचा फोटो काढा, दारातूनच, पण चेहरा मोठा यायला हवा. ते करणारी लेन्स मैयाच्या पोटात!

निरोपाच्या दिवशी भाभींनी फर्मान काढलं, "भैयाजी, बरकत का गेहूं सबके सामने बंटेगा." मुखवटा उतरला. शैला ओंजळी भरभरून गहू वाटू लागली. मी बगळ्यासारखा एका पायावर. एका ओंजळीला तिचा हात आत थबकला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"बस," ती सगळ्यांना म्हणाली, "तळाचे गहू काढत नाहीत. आमच्यात रीत आहे."

अशी रीत आमच्यात कधीच नव्हती. ती त्या क्षणी जन्माला आली.

सगळे गेल्यावर तिने लेन्स बाहेर काढली, पदराने पुसली आणि एवढंच म्हणाली, "ही आता तिची." लेन्स मुखवट्यांच्या पेटीत गेली. तेव्हापासून दर गौरीला, गहू भरण्याआधी, शैला स्वतःच्या हाताने ती कोठीत ठेवते. भाभींसमोर गहू सांडायला नकोत का? त्या लेन्सने आजवर एकही खंड्या पाहिलेला नाही. पण अर्ध्या मोहल्ल्याने तिला नमस्कार केलाय.

यंदा भाभी सहज बोलून गेल्या, "बरकत तो हर साल उतनी की उतनी है, बढ़ नहीं रही." शैलाला ते लागलं. मग चहा देताना हळूच म्हणाली, "अहो, याहून मोठी लेन्स मिळते का?"

मिळते. आलीसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा मी लेन्सचं खोकं बैठकीत, पंख्याखाली, बायकोसमोर उघडलं. तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "गव्हात किती जागा घेईल?"

आणि मी, उज्जैनचा हौशी छायाचित्रकार, फूटपट्टी आणायला उठलो.