दोन घरचे आजोबा अन् खुंटीवरचा कोट

मंडळी, दुपारपासून एक कोट डोक्यातून जाऊनच नाही राह्यला.

मी बोरी अरबच्या जुन्या फोटोंवरून चित्रं काढतो, हे तुम्हाले माहीतच आहे. आज दोन फोटो शेजारी ठेवले. एकात माझे आजोबा, दुसऱ्यात माझ्या दोस्ताचे, सिद्धार्थचे आजोबा. कोट रंगवायले घेतला अन् हात थांबला. दोघांच्याही कोटाच्या खिशावर तेच रफू अन् मधलं बटन गायब!

सिद्धार्थच्या बाबाले फोन लावला. काका हसलेच. "अरे, तो दारव्ह्याच्या फोटोवाल्याचा कोट होय. खुंटीवर टांगला राहे. जो जाये तो घाले, फोटो काढे अन् परत टांगून दे."

मी म्हटलं, "पण काका, तवा तर आमच्या विहिरीवर तुम्हाले पाणीही भरू देत नव्हते!"

काका म्हणाले, "हो ना बापू. पण आपल्याआधी कोट कोण घालून गेला, हे कोणी विचारेच नाही."

आता नव्या चित्रात दोघांले एकाच बाकावर बसवलं आहे. चेहरे झाले, टोप्या झाल्या. पण कोट एकच आहे.

सांगा, कोणाच्या अंगात घालू?