कोपरा फाटलेल्या पावत्या

कडिना या आमच्या छोट्या गावातल्या वाचनालयात दर मंगळवारी मी लोकांच्या कम्प्युटरच्या अडचणी सोडवायला बसते. माझी शेजारीण एल्वा ट्रेझाइज तिथे कधी आली नाही. तिला अडचणच नव्हती. वय ब्याऐंशी. सारी उमर गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याशी गेली, त्यामुळे ओरडून सांगितलेले आकडे कानांनी झेलायची सवय. सहा वर्षांपूर्वी तिच्या नजरेचा मधला भाग गेला. समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं, म्हणून बोलताना ती तोंड बाजूला वळवते. नव्या माणसाला वाटतं, बाई शिष्ट आहे. तशी ती आहेही.

तरी घरचा हिशेब तीच ठेवायची, कम्प्युटरवर, चौदा वर्षांपूर्वी घेतलेल्या एका प्रोग्राममध्ये. पडद्याकडे बघायचंच नाही. कुठलं बटण किती वेळा दाबायचं हे बोटांना पाठ. नोंद बसली की दुकानातला गल्ला उघडावा तसा खण्ण आवाज यायचा. मग ती त्या पावतीचा कोपरा फाडून पावती बिस्किटांच्या डब्यात टाकायची. कोपरा फाटला म्हणजे काम संपलं. पावत्यांच्या घड्याही ठरलेल्या. किराण्याला एक, औषधांना दोन, मटणाला तीन.

तिचा मुलगा लिंडन ॲडलेड शहरात असतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं. मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो आला आणि मायेपोटी त्याने त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घालून दिली. अक्षरं मोठी, चित्रं रंगीत. आवाज गायब, आणि सगळं माउसने चित्रांवर टिचक्या मारून करायचं. चित्रं न दिसणाऱ्या बाईला! तीन आठवडे एल्वा चाचपडत राहिली. विजेचं बिल दोनदा नोंदलं गेलं, पाण्याचं भरायचंच राहिलं. ते कळल्यावर लिंडनचा फोन आला. "आई, पुरे आता. रविवारी मुखत्यारपत्र घेऊन येतो. सही कर, यापुढे तुझे पैसे मी बघतो."

शनिवारी सकाळी एल्वा माझ्या फाटकाशी उभी.

"पोरी, माझा जुना परत बसवून दे. नाहीतर उद्यापासून पावसुद्धा लेकाला विचारून आणावा लागेल."

मी गेले. नवा काढला, जुन्याची सीडी घातली. जुना उघडला, पण हिशेबाची फाइल घेईना. नव्या आवृत्तीने फाइलचं रूपच पालटून टाकलं होतं.

"एल्वा, संपलं गं. चौदा वर्षांचं सगळं गेलं."

"तुझं संपलं असेल. डबा आण."

पावत्यांच्या तळाशी, रबर लावून, दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सीडीवर काढलेल्या फाइलच्या प्रती होत्या. शेवटची सीडी लिंडन आला त्याच सकाळची. आधी प्रत काढली, मग पोरासाठी चहा टाकला, असं तिनेच सांगितलं.

चौदा वर्षं परत आली. राहिले मधले तेवीस दिवस. त्या पावत्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला ओळीने खोचलेल्या होत्या. एकेचाळीस.

"वाचून दाखवू?"

"कशाला? नुसती बघत राहा. चुकले तर खाकर."

एक पावती काढायची, घडी चाचपायची. "मंगळवार, पाच तारीख. औषधं. एकतीस पंचाण्णव." बोटं चालायची, खण्ण व्हायचं, कोपरा फाटायचा. मी पावती उलगडून बघायची आणि एकतीस पंचाण्णवच असायचे. दुकानदाराने सांगितलेला आकडा ती घरापर्यंत घोकत येते हे मला माहीत होतं. पण तीन आठवड्यांनी, असे एकेचाळीस? मी स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवते.

एकाच ठिकाणी मी अडखळले. "मटण, अठरा चाळीस," ती म्हणाली, आणि पावतीवर अठरा अडतीस होते. पण आमच्याकडे एक-दोन सेंटची नाणी कधीच बंद झाली, रोख देताना सगळे पाचाच्या पटीत आणून सोडतात. मी खाकरले नाही.

रविवारी लिंडन आला. कागद टेबलावर, शेजारी पेस्टी, म्हणजे खिमा-बटाट्याची भाजलेली करंजी.

"फोनवर माझं बँकेचं खातं उघड," एल्वा म्हणाली. "बोलू नकोस. आधी माझा आकडा ऐक. दोन हजार तीनशे सोळा, पंचेचाळीस."

लिंडनने फोनकडे पाहिलं. मग आईकडे.

"सत्तेचाळीस," तो हलकेच म्हणाला. "दोन सेंटचा तर फरक आहे. सोड ना, आई."

"सोडायला तुझे आहेत का?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. बोटं टेबलावर हळूहळू चालत होती. पावतीवरचा फरक पाहूनही मी खाकरले नव्हते, पण रोखीच्या हिशेबात तो बरोबरच होता, मग चूक कुठे ते कळेना.

"खाटीक," ती म्हणाली. "बुधवारी. मी नेहमी रोख देते म्हणून त्याने सवयीने अठरा चाळीस सांगितले. पण त्या दिवशी पाकीट रिकामं होतं, मी कार्ड दिलं. कार्डावर कोण सेंट सोडतंय? नोंद मी कार्डाखालीच घातली, पण आकडा त्याच्या तोंडचा; खात्यातून अठरा अडतीसच कापले गेले."

मी डब्यात हात घालून तीन घड्यांची ती पावती काढली. खाली लिहिलं होतं, कार्ड.

"आणि तू खाकरली का नाहीस?" एल्वा माझ्यावर उखडली.

ती उठली, कम्प्युटरशी बसली आणि पडद्याकडे न बघता नोंद दुरुस्त केली. खण्ण. लिंडन तिच्या मागे उभा होता. आईला हिशेब करताना त्याने याआधी कधी पाहिलंच नव्हतं, फक्त चुका पाहिल्या होत्या. त्याचा चेहरा देवळात शिरलेल्या माणसासारखा झाला होता.

"ते कागद दे इकडे."

"राहू दे, आई."

"दे म्हटलं ना."

त्याने दिले. तिने चाचपून त्यांची नीट घडी घातली, कोपरा फाडला आणि डब्यात टाकले.