चार बाटल्यांतली काळी धूळ

ती घटना आजही आठवली की मला हसू येतं आणि स्वतःचा रागही येतो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला, "साहेब, चाकूरच्या स्टँडवर एक जण उतरलाय. पिशवीत काळ्या पुडीच्या बाटल्या हायत. सुरुंगाची दारू दिसतीय."

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि त्याला स्टँडवरच गाठलं. माणूस पन्नाशीचा, काटकुळा, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. पिशवीत चार बाटल्या निघाल्या. त्यांवर चिठ्ठ्या होत्या: चाकाजवळ, ब्रेकजवळ, सीटखाली, एसीची जाळी. पंचनामा करून बाटल्या सील केल्या.

चौकशीत तो एवढंच म्हणाला, की मोठ्या शहरात भुयारी मेट्रोचे डबे साफ करतो, ही तिथलीच धूळ.

"कशाला आणली?"

तो शर्टाची बटणं चाचपत बसला.

"अरे, गावाकडं धूळ कमी पडली होती काय?" मी ओरडलो. तो नुसता खोकत राहिला.

खोटं बोलणारा माणूस बडबड करतो. गप्प बसणारा बहुधा कुणाला तरी झाकत असतो. मी आवाज खाली आणला, पिठलं-भाकरी मागवली. अर्धी भाकर पोटात गेल्यावर तो बोलला, "माझं काय करायचं ते करा साहेब. पण पोरीच्या होस्टेलात पोलीस धाडू नका. लोक नावं ठेवतेत. कालेजच्या कामासाठी तिनंच मागितली ही धूळ."

पोरगी नांदेडला एम.एस्सी. करत होती. मी वर्दीतला शिपाई पाठवला नाही, तिला स्वतः फोन केला. दुपारच्या बसनं ती एकटीच आली, पर्समध्ये लोहचुंबक घेऊन.

पंचांसमोर सील उघडलं. तिनं कागदावर चिमूटभर पूड टाकून खालून चुंबक फिरवलं. चाकाजवळची अन् ब्रेकजवळची पूड ताठ उभी राहिली. सीटखालची बरीचशी तशीच पडून होती, ती कपड्यांचे धागे अन् पायांची माती. मग एसीच्या जाळीतली टाकली. तीही सरसरून उठली!

"काका, चाक रुळावर घासतं, ब्रेक घासतो, त्याचं बारीक लोखंड उडतं. भुयारात हवा कोंडलेली. एसी तीच डब्यात ओढतो," ती म्हणाली.

"परीक्षेला आहे का हे?"

तिनं बापाकडं पाहिलं. "न्हाई काका. कालेजनं काहीच मागितलं न्हाई. बाबा ही जाळी तोंडाजवळ धरून झटकतेत. दोन वर्षं झाली खोकायलेत. डॉक्टरकडं चला म्हटलं की धुळीनं कुठं काय होतं म्हणतेत. त्यांच्या डोळ्यांना दाखवायचं होतं. खरं सांगितलं असतं तर बाटली आणली असती का त्यांनी?"

"तुझं काम म्हणून आणल्या गं माय," एवढंच म्हणून तो माणूस रडायला लागला. मलाही समोरचा कागद दिसेना.

आक्षेपार्ह काही आढळलं नाही, अशी नोंद करून मुद्देमाल तिच्या सहीनं परत दिला आणि दोघांना माझ्या गाडीतून लातूरला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. अजून वेळ गेलेली नाही, पण जाळी झटकणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

गप्प माणूस कुणाला झाकतोय हे मी आयुष्यभर शोधलं. ज्याला तो झाकतोय, तोही त्यालाच जपत असेल, हे मात्र मला नोकरीच्या शेवटी त्या पोरीनं शिकवलं.

महिन्यानं ते गृहस्थ ठाण्यात आले, तोंडाला मास्क लावून. म्हणाले, "पोरीनं डझनभर धाडलेत साहेब. कामावर मास्क काढला तर पोलिसात देते म्हणती."

"अहो, तिची तक्रार आली तर मी लगेच नोंदवून घेईन," मी म्हणालो.