बॅट घेऊन पळणारा

लातूरच्या त्या क्लासवाल्या सरांचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. क्लासची जाहिरात व्हावी म्हणून त्यांनी एक सीझन बेसबॉलचा संघ पाळला. पाळला हाच शब्द बरोबर. शर्टाच्या पाठीवर आमच्या नावाऐवजी त्यांचा फोन नंबर होता. महिन्याला मानधन मिळायचं, म्हणून आम्ही स्वतःला व्यावसायिक खेळाडू समजायचो. मी कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. शाळेपासून दुसरं काही खेळलोच नव्हतो.

निम्म्या सीझनला सरांनी अहमदपूरहून टेनिस बॉल क्रिकेटचा एक हिरो आणला. सिक्स मारतो म्हणे. माझी जागा त्याला दिली, वर माझा ग्लोव्हही दिला. मला म्हणाले, तू पाण्याचं बघ. मी पाण्याचं बघितलं आणि रोज मनातल्या मनात दोघांना शिव्या घातल्या.

तरी मी त्या हिरोला सांगितलं होतं. या खेळात चेंडू मारला की बॅट टाकायची आणि तिन्ही बेस फिरून होमप्लेटला, म्हणजे जिथून मारलं त्याच पाटीला, अंगानं शिवायचं; बॅट टेकवून रन होत नाही.

"बॅट टाकून पळायला मी काय येडा हाय?" तो म्हणाला. सरही हसले.

फायनल नांदेडला होती. देगलूरहून वडील आले, नवा शर्ट घालून. त्यांनी मला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. सकाळी मी सरांच्या हातापाया पडलो, थोडा वेळ तरी मैदानात उतरवा म्हणालो. बघू, म्हणाले.

कसलं बघतात! शेवटच्या डावात बरोबरीला एक रन हवी होती आणि शेवटचा गडी खेळत होता, तोच हिरो. त्यानं चेंडू लांब मारला आणि बॅट घेऊनच पळत सुटला. तिन्ही बेस ओलांडून आला, लांबूनच होमप्लेटवर ऐटीत बॅट टेकवली आणि थांबला. नांदेडच्या कॅचरनं शांतपणे त्याच्या पोटाला चेंडू लावला. आऊट. हरलो.

मला हसू आलं, ते मी लपवलं नाही. सर अंगावर धावून आले. त्याला नीट शिकवलं का नाहीस, म्हणून ओरडू लागले. तेवढ्यात वडील प्रेक्षकांतून खाली आले. मॅच संपल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

"तुझी पाळी कधी हाय रं?" त्यांनी विचारलं.

सर मोबाईल कानाला लावून सटकले. फोन आलेला नव्हता.

"झाली," मी म्हणालो.

वडील खजील झाले. चष्मा काढून शर्टाला पुसू लागले. माझी पाळी आपल्याच नजरेतून सुटली असं त्यांना वाटलं. त्यासाठी मी त्या सरांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.