मुरबाडच्या रस्त्यावरची अँबेसेडर

शहापुरातल्या तिघा मेकॅनिकांनी माझी जुनी अँबेसेडर भंगारात द्यायला सांगितली, तेव्हा मी ती टेम्पोला बांधून किन्हवलीला नेली. तिथे नवऱ्याच्या मागे त्याचं गॅरेज चालवणारी एक बाई होती. तिने पदर कमरेला खोचला, कार्बोरेटर खोलला आणि नाकाशी धरून त्याचा वास घेतला.

शेजारच्या टपरीवर एकजण हसला, "बाईला काय कलतंय त्यातलं?"

तिने मानही वर केली नाही. "हस रे. हसून झालं का धक्का मारायला ये."

धक्क्याची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. ट्रायलला ती शेजारी बसली. काही खडखडलं की मी वेग कमी करायचो. तिसऱ्यांदा तसं केल्यावर ती चिडली.

"दादा, म्हातारं मानूस चालताना कण्हणारच. म्हनून काय त्याला घरात कोंडायचं? नाय ना? मग चालवा तुमी!"

तिने काच खाली करून कोपर बाहेर काढलं. मी चौथा गिअर टाकला. खडखड चालूच होती, पण आता मला समोरचा रस्ता दिसत होता. मुरबाड आलं, मागे पडलं, तरी परत फिरायचं नाव दोघांपैकी कोणीच काढलं नाही.